मुळाशी अडलेलं मीठ

किकवी गावात हमरस्त्यापासून थोडं आत, ओढ्याच्या काठी बसा. ट्रकांचा आवाज येत राहील, येऊ द्या. हातात एक द्राक्ष असू द्या, थॉमसन जातीचं. इतक्यात खाऊ नका.

आधी पाण्याकडे बघा. हा ओढा पुढे नीरेला मिळतो. डोंगरावरचा पाऊस खडकातले क्षार विरघळवत उतरतो, जिभेला कळणारही नाहीत इतके थोडे. इथे ते टिकत नाहीत, पावसाळा धुऊन नेतो. पण नेतो कुठे?

1885 साली नीरेचा डावा कालवा सुरू झाला आणि बारामतीकडच्या कोरड्या रानांना पाणी मिळालं. काळी माती, निचरा कमी, ऊन कडक. जमिनीतलं पाणी वर चढलं, उडून गेलं, क्षार मागे राहिले. 1910 मध्ये कृषितज्ज्ञ हॅरॉल्ड मान आणि तम्हाणे यांना नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर लिहावं लागलं. आपल्या डोंगरावरून गेलेलं पाणी कुणाच्या तरी रानात पांढरं होऊन बसतं, हे मला स्वस्थ बसू देत नाही. क्षारांच्या त्या पांढऱ्या थरावरून मनानेच बोट फिरवा. पिठासारखा भुसभुशीत, खाली ओलसर.

अशा जमिनीत द्राक्षाचा वेल उभा आहे असं समजा. श्वास संथ होऊ द्या आणि मुळाशी या.

पाण्याबरोबर सोडियम आत शिरतं. मुळाच्या गाभ्यात, पाणी वर नेणाऱ्या नळ्यांच्या कडेला, एचकेटी-1 या जनुकाने घडवलेलं प्रथिन असतं. वर निघालेल्या पाण्यातलं सोडियम ते मुळातल्या पेशींत मागे ओढून घेतं. ते कमी पडलं की पानांच्या कडा करपतात, तपकिरी किनार रोज थोडी आत सरकते. द्राक्षाचं कलम ज्यांच्यावर बांधतात, त्या सगळ्या खुंटांना हे सारखं जमत नाही. जनुकात जरासा फरक पडला तरी सोडियम वर निसटतं. म्हणूनच खुंट डॉगरिजचा लावायचा की 110 रिश्टरचा, हे शेजाऱ्याची बाग बघून ठरवू नये. आधी आपली माती आणि पाणी तपासून घ्यावं.

आता कलमाच्या गाठीवर थांबा. घाई नाही. खाली एक झाड, वर दुसरं. रस दोघांतून वाहतो, पण जनुकं ज्याची त्याच्यापाशी राहतात. वरच्या थॉमसनला मिठाशी झुंजायचं काम खालच्याने बरंचसं हलकं केलेलं असतं.

आता द्राक्ष चावा, अगदी सावकाश. बी लागत नाही. जिभेने शोधलंत तर एक मऊ कण सापडेल. बी धरली होती, पण एजीएल-11 जनुकातल्या एकाच अक्षराच्या बदलामुळे तिची वाढ मधेच थांबली, कवच टणक झालंच नाही. बी नाही, तेव्हा हा वेल पिढ्यान् पिढ्या माणसाने काडी लावली म्हणूनच पुढे आला.

तो कण तसाच जिभेवर राहू द्या. समोरचं पाणी नीरेच्या वाटेला लागलं आहे.