'कबूल' किती वेळा म्हणायचे?

वसई-मुंबईच्या पट्ट्यात कॅथॉलिक आणि मुसलमान शेजारी राहतात. त्यांच्यात कधीमधी लग्नेही होतात. धर्म न बदलता लग्न करायचे तर १९५४ चा विशेष विवाह कायदा असतो. तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, सह्या. सरकारदरबारी दोघे पतिपत्नी झाले. कॅथॉलिक चर्चच्या लेखी मात्र ते लग्नच नव्हे. धर्मगुरू आणि दोन साक्षीदारांसमोर, बिशपची खास सूट घेऊन ते व्हायला हवे होते. अशा संसारातील कॅथॉलिक स्त्री मिस्साला जाऊ शकते, पण ख्रिस्तप्रसाद घेऊ शकत नाही. श्रद्धावंत स्त्रीला ही वेदना लहान नसते.

यावर चर्चने दोन वाटा ठेवल्या आहेत. पहिली अशी की, दोघांनी चर्चमध्ये नव्याने संमती द्यायची. १९८३ च्या धर्मसंहितेचे कलम ११५७ म्हणते की, संमती देणाऱ्याने आपले आधीचे लग्न मुळातच रद्दबातल होते असे जाणलेले वा मानलेले असावे. पेच येथे आहे. दहा वर्षे इमानाने संसार केलेल्या मुसलमान नवऱ्याने हे कसे मानावे? चर्चमध्ये उभे राहायला त्याची हरकत नसेलही. पण न मानता तो ते शब्द बोलला, तर पवित्र बंधनाची सुरुवातच खोट्याने होते.

दुसरी वाट कलम ११६१ मध्ये आहे. तिच्या लॅटिन नावाचा अर्थ 'मुळापासून बरे करणे'. यात नवी संमती लागत नाही. मूळ संमती आजही टिकून आहे एवढे पाहून बिशप ते लग्न मान्य करतो आणि त्याचे परिणाम मागील काळापासून लागू धरले जातात. मला ही वाट अधिक नीतिमान वाटते. ती कुणालाही आपला भूतकाळ नाकारायला लावत नाही.

मग साक्षीदार, नोंद, विधी हे सारे निरर्थक काय? तसे नाही. १५६३ पर्यंत केवळ परस्परसंमतीने झालेले गुप्त लग्नही चर्च वैध धरीत असे. पण पुरुष मागाहून ते नाकारीत आणि बाई उघड्यावर पडे, म्हणून ट्रेंटच्या धर्मपरिषदेने धर्मगुरू आणि साक्षीदार अनिवार्य केले. विधी दुबळ्याच्या रक्षणासाठी आला. जे दोघे एकमेकांना नाकारीतच नाहीत, त्यांच्याविरुद्ध तो वापरणे म्हणजे कुंपणानेच शेत खाणे.

हे बोट केवळ चर्चकडे दाखवून आपली सुटका नाही. आपल्याकडेही निकाह म्हणजे इजाब-कबूल, दोघांचा करार. पतिपत्नी एकत्र इस्लाममध्ये आले, तर त्यांचा जुना विवाह कायम धरला जातो, पुन्हा निकाह लावावा लागत नाही, असे फिकह सांगते. तरीही घरातल्या मुलाने नोंदणी पद्धतीने लग्न केले की, 'निकाह झाल्याशिवाय सून घरात घेणार नाही,' असे आपणच म्हणतो. त्या मुलीने आधी दिलेल्या शब्दाची किंमत आपण शून्य धरतो.

धर्मसंस्थेने लग्नाची साक्ष जरूर द्यावी, आशीर्वादही द्यावा. पण साक्षीदार लग्न पाहतो. लग्न करतात ते दोघेच.