आधार आणि आधेय: जुन्या स्पीकरखालच्या स्टँडविषयी

आधार आणि आधेय, म्हणजे टेकू देणारी वस्तू आणि त्या टेकूवर राहणारी वस्तू, यांच्या संबंधाचा विचार न्याय-वैशेषिक दर्शनाने दोन ठरलेल्या उदाहरणांच्या आश्रयाने केला आहे. कुंडात ठेवलेले बोर हे पहिले उदाहरण. येथील संबंध ‘संयोग’ या प्रकारचा, म्हणजे दोन स्वतंत्र द्रव्ये केवळ एकमेकांस लागून असण्याचा आहे. बोर उचलून घेतले तरी बोराचे काही बिघडत नाही आणि कुंडाचेही नाही. तंतू आणि वस्त्र हे दुसरे उदाहरण. तेथील संबंध ‘समवाय’, म्हणजे तोडता न येणारा आहे; वस्त्र तंतूंवर राहते, परंतु तंतू काढून घेतल्यास वस्त्र म्हणून काही शिल्लकच राहत नाही. घरातील जुन्या हाय-फाय स्पीकरखाली कोणता स्टँड घ्यावा, हा वरवर केवळ हौसेचा वाटणारा प्रश्न नेमका या दोन उदाहरणांच्या मधल्या जागेत अडकलेला आहे. कारण स्टँडने स्वतःचे काहीही मिसळू नये, तो निव्वळ कुंड असावा, अशी अपेक्षा जो रसिक उच्चारतो, तोच स्टँड बदलल्यावर गायकाचा आवाज बदलला असे शपथेवर सांगतो, म्हणजे व्यवहारात त्याला तंतूचे स्थान देतो.

हा पेच पाहण्यासाठी बीबीसीचा एलएस ३/५ए हा छोटा स्पीकर विशेष सोयीचा आहे. बीबीसीच्या संशोधन विभागाने तो १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात घडवला, आणि त्याच्या रचनेचा अहवाल हार्वुड, व्हॉटन व मिल्स यांच्या नावाने १९७६ मध्ये निघाला. बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीत मोठा स्पीकर मावत नसे आणि हेडफोनवर आवाजाचा तोल ठरवणे समाधानकारक नसे, म्हणून हा जेमतेम ३० सेंटिमीटर उंचीचा आणि सुमारे ५ किलो वजनाचा खोका जन्मास आला. पुढे रॉजर्स, स्पेंडॉर, हार्बेथ इत्यादी कंपन्यांनी परवाना घेऊन तो बनवला आणि प्रक्षेपणाचे हे साधन घराघरांतील मूल्यवान वस्तू झाले. त्याच्या बर्च प्लायवुडच्या भिंती सुमारे १२ मिलिमीटर जाडीच्या, म्हणजे सामान्य समजुतीच्या मानाने पातळच आहेत. ही काटकसर नव्हती. तो सिद्धांत होता. कोणतीही फळी एका विशिष्ट कंपनसंख्येला स्वतःहून घुमू लागते, यास अनुनाद म्हणतात. भिंत जाड व ताठ केली तर हा अनुनाद नाहीसा होत नाही, तर वरच्या, कानाला अधिक बोचणाऱ्या पट्ट्यात सरकतो. उलट भिंत पातळ ठेवून तिला आतून डांबरी पट्ट्यांसारख्या जड, मऊ द्रव्याचा थर दिला, तर तो खाली राहतो आणि लवकर विरतो. हार्वुड आणि मॅथ्यूज यांच्या १९७७ च्या अहवालात ही भूमिका सविस्तर मांडलेली आहे.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की या अभियंत्यांनी खोक्याचा आवाज शून्य करण्याचा आव आणला नाही. तो कोठे असावा हे त्यांनी ठरवले. १९८० च्या दशकात ब्रिटनमधील हाय-फायच्या वर्तुळात याच्या विरुद्ध मत बळावले, ते असे, की स्पीकरचा पडदा पुढे ढकलला जाताना खोका न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार मागे ढकलला जातो, ही मागची हालचाल म्हणजे निव्वळ हानी होय, आणि म्हणून खोका व त्याखालचा आधार शक्य तितका ताठ, जड आणि जमिनीशी जखडलेला असावा. सेलेशन कंपनीचा एसएल ६०० हा स्पीकर विमानबांधणीत वापरल्या जाणाऱ्या, मधपोळ्यासारखी पोकळ रचना असलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांचा होता. वाळूने भरलेले पोलादी खांब आणि त्यांखालचे अणकुचीदार खिळे, ज्यांना स्पाइक म्हणतात, हे याच मताचे अवशेष आज प्रत्येक दुकानात दिसतात. पडद्याचे वजन काही ग्रॅमपासून काही दशग्रॅमपर्यंत आणि खोक्याचे काही किलो असल्यामुळे मागची हालचाल फार लहान असते, हे खरे. पण ती शून्य नसते, हेही तितकेच खरे. स्पाइक कंपनांना खाली जाऊ देतो आणि वर येऊ देत नाही, असा जो समज ऐकू येतो, त्याला मात्र भौतिकशास्त्रात काही आधार नाही. जो सांधा कंपन एका दिशेने नेतो तो दुसऱ्या दिशेनेही नेतो.

आता पातळ भिंतीचा एलएस ३/५ए या ताठ पंथाच्या स्टँडवर ठेवला, तर कोणता सिद्धांत ऐकू येतो? अनेक जाणकार या स्पीकरच्या चार कोपऱ्यांखाली ब्लू-टॅकच्या, म्हणजे भिंतीला कागद चिकटवण्याच्या मऊ पुट्टीच्या, छोट्या गोळ्या ठेवतात. ही पुट्टी खोक्याला घट्ट धरतेही आणि किंचित हलूही देते. तत्त्वज्ञानाच्या भाषेत तिला तडजोड म्हणता येईल, परंतु कदाचित दोन्ही पक्षांपेक्षा तिलाच वस्तूचा स्वभाव अधिक कळला आहे.

भारतीय शब्दविचारात या प्रश्नाला अधिक खोल घर मिळते. न्याय-वैशेषिकांच्या मते शब्द, म्हणजे येथे कोणताही ध्वनी, हा आकाशाचा गुण आहे; नगारा हे त्याचे अधिष्ठान नव्हे. नगाऱ्यावर दांडी पडली की दांडी-नगारा संयोग हे निमित्तकारण, नगारा-आकाश संयोग हे असमवायी कारण, आणि स्वतः आकाश हे समवायी कारण, म्हणजे ज्यात कार्य राहते ते कारण होय. पहिला शब्द कानापर्यंत जात नाही; तो शेजारी दुसरा शब्द उत्पन्न करतो, तो तिसरा, आणि अशी मालिका पाण्यावरील लाटेप्रमाणे किंवा एकाच वेळी सर्व बाजूंनी फुलणाऱ्या कदंबाच्या फुलाप्रमाणे पसरते. मीमांसकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते वर्णरूप शब्द नित्य आहे. वायूचे आघात त्याला घडवत नाहीत, केवळ प्रकट करतात, म्हणून ध्वनी हा त्याचा व्यंजक. हाय-फायची रूढ भाषा नकळत मीमांसकांच्या बाजूची आहे, कारण तीत मूळ संगीत आधीच सिद्ध मानलेले असते आणि यंत्राचे काम ते निर्दोषपणे उघड करणे एवढेच उरते. स्टँड जणू व्यंजकाचा व्यंजक ठरतो, आणि उत्तम व्यंजक तो जो दिसत नाही.

परंतु व्यंजक अदृश्य असू शकतो का? अद्वैत वेदान्तात यासाठी ‘उपाधी’ ही संकल्पना आहे. उपाधी म्हणजे जवळ असल्यामुळे आपला धर्म दुसऱ्यावर भासवणारी वस्तू. जास्वंदीच्या सान्निध्याने स्फटिक लाल भासतो आणि फूल बाजूला केले की स्फटिकाचा स्वच्छपणा परत दिसतो. स्टँड हा स्पीकरचा उपाधी आहे, असे म्हणताना एक अडचण येते. फूल काढता येते, स्टँड काढता येत नाही. स्टँड काढला तर जमीन आधार होते, जमीन टाळून दोऱ्यांनी टांगला तर दोऱ्या आणि छत आधार होतात. प्रतिध्वनी शोषून घेणाऱ्या मोजमापाच्या खोलीत, जिला अनेकोइक खोली म्हणतात, तिथेही स्पीकर कशावर तरी उभा असतो. निरुपाधिक स्पीकर कोणी ऐकलेला नाही. यावरून माध्यमिक बौद्धांप्रमाणे स्पीकरला स्वतःचा स्वभावच नाही असे म्हणणे मात्र घाईचे होईल, कारण वाईट स्टँडवरील एलएस ३/५ए हा वाईट स्टँडवरील एलएस ३/५एच राहतो, दुसरे काही होत नाही. उपाधी न काढता ओळखता येतो. एकामागून एक बदलून पाहिला असता जे बदलते ते त्याचे आणि जे टिकते ते स्पीकरचे, एवढा विवेक शक्य आहे.

अमेरिकेतील अकूस्टिक रिसर्च या कंपनीचे उदाहरण या विवेकाची कसोटी घेते. एडगर विल्चर यांनी १९५४ च्या एआर-१ मध्ये बंद खोक्यातील हवेलाच स्प्रिंग करून लहान आकारात खोल खर्ज मिळवला. १९६७ चा एआर-३ए हा त्याच कुळातील. सुमारे २४ किलो वजनाचा असूनही तो ‘बुकशेल्फ’ म्हणून, म्हणजे पुस्तकांच्या फळीवर, भिंतीजवळ ठेवण्यासाठी होता. भिंत आणि फळी खालच्या स्वरांना मागे पसरू देत नाहीत, पुढे परतवतात, त्यामुळे खर्ज भरतो. तोच स्पीकर भिंतीपासून दूर, उघड्या स्टँडवर ठेवला की खर्ज ओसरतो, आणि नव्या मालकाला जुना स्पीकर कमकुवत झाल्याचा भास होतो. येथे भिंत हा उपाधी नव्हे, रचनेचा भाग होता, आणि स्टँडने ‘शुद्ध’ केलेला एआर-३ए हा अर्धा काढून घेतलेला एआर-३ए होय. एलएस ३/५एची गोष्ट उलटी आहे, कारण त्याच्या खर्जाच्या वरच्या भागात मुळातच किंचित उठाव आहे, आणि भिंतीला लावल्यास तो अवाजवी फुगतो.

देवपूजेच्या शास्त्राने आधार अदृश्य असावा असे कधी मानलेले नाही, आणि हाय-फायच्या तत्त्वचिंतनाला ही परंपरा कदाचित सर्वांत उपयोगी ठरावी. तांत्रिक पूजाविधीत देवतेच्या आधी पीठाची पूजा होते. आधारशक्ती, कूर्म, अनंत, पृथ्वी अशा क्रमाने खालून वर येत आसन सिद्ध केले जाते, आणि साधक स्वतःच्या आसनाचीही शुद्धी करतो. मूर्ती पीठावर बसवताना ‘अष्टबंध’ नावाचा आठ द्रव्यांचा लेप सांध्यात भरतात, आणि दक्षिणेतील मंदिरांत तो ठरावीक वर्षांनी, रूढीने बारा वर्षांनी, काढून नवा भरण्याची प्रथा आहे. मऊ पुट्टीच्या गोळ्यांशी याचे साम्य कोणाला हास्यास्पद वाटेल. पण दोन जड वस्तूंमधला सांधा हीच लक्ष देण्याची जागा आहे, ही जाण दोन्हीकडे आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात प्रतिष्ठा चल आणि अचल अशी दोन प्रकारची सांगितली आहे, आणि अचल मूर्तीसाठी आवाहन-विसर्जन नाही. प्रक्षेपणाच्या गाडीसाठी घडलेला स्पीकर चल वर्गातला होता. चाळीस-पन्नास वर्षांनी त्याला वाळूच्या खांबावर खिळून अचल करणे हा दोष नसला तरी ते रूपांतर आहे, हे मालकाला ठाऊक असावे.

जुन्या वस्तूशी निष्ठा म्हणजे कशाशी निष्ठा, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. क्रॉसओव्हरमधील, म्हणजे खर्ज व तार स्वर वेगळे करणाऱ्या मंडलातील, म्हातारे कपॅसिटर बदलणारा मालक स्टँड मात्र त्याच काळातला हवा म्हणून हट्ट धरतो. दुसरा सर्व भाग मूळचे ठेवून स्टँड आजचा घेतो. पहिल्याची निष्ठा दिसण्याशी आहे आणि दुसऱ्याची कागदपत्रांशी, असे म्हणणे थोडे कठोर होईल, पण असत्य नाही. अधिक समर्थनीय निष्ठा रचनाकाराने गृहीत धरलेल्या परिस्थितीशी असू शकते, आणि त्या परिस्थितीत जमीन येते. स्पाइकचा प्रसार झाला तो ब्रिटनमधील अशा घरांत, जिथे लाकडी तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर गालिचा असतो. गालिचा भेदून खालच्या फळीला टेकणे हे स्पाइकचे साधे, समजण्याजोगे काम होते. पुण्या-मुंबईच्या सिमेंटच्या स्लॅबवर घातलेल्या शहाबादी किंवा मोझेक फरशीत भेदण्यासारखे काही नाही, आणि जमीन तशी हलतही नाही. तेथे स्पाइक फरशीला ओरखडा पाडतो, आणि मग मालक त्याखाली पितळी चकती ठेवतो, म्हणजे टोकाचे कारणच संपवतो.

फरशी मात्र ध्वनी जोराने परतवते, आणि स्टँडची उंची ठरवताना हे परतणे मोजावे लागते. वूफरचे, म्हणजे खर्ज स्वरांच्या मोठ्या पडद्याचे, केंद्र जमिनीपासून ६० सेंटिमीटर, ऐकणाऱ्याचा कान १ मीटर आणि दोघांतील अंतर ३ मीटर असेल, तर थेट येणाऱ्या ध्वनीपेक्षा जमिनीवरून येणारा सुमारे ३७ सेंटिमीटर अधिक चालतो, आणि सुमारे ४६० हर्ट्झला दोघे एकमेकांना खोडतात. वूफर ९० सेंटिमीटरवर नेला तर ही खोड ३१० हर्ट्झच्या आसपास सरकते. उंची बदलल्याने खोड नाहीशी होत नाही, जागा बदलते. भिंतीच्या जाडीबाबत बीबीसीच्या अभियंत्यांनी जे ओळखले होते, तेच हे.

उंचीचा दुसरा हिशेब ऐकणाऱ्याच्या शरीरातून येतो, कारण ट्वीटर, म्हणजे तार स्वरांचा छोटा पडदा, कानाच्या पातळीत असावा लागतो. न्यायमतानुसार श्रवणेंद्रिय म्हणजे कानाच्या पोकळीने मर्यादित झालेले आकाशच, म्हणजे ऐकणाऱ्यापाशीही एक उपाधी बसलेला आहे, आणि शब्दाची मालिका त्या पोकळीत पोहोचेपर्यंत ऐकणे घडत नाही. बाजारात सहज मिळणारा २४ इंची स्टँड खुर्चीत किंवा सोफ्यावर बसलेल्या कानासाठी आहे. बैठकीवर मांडी घालून गाणे ऐकणाऱ्याचा कान जमिनीपासून सुमारे ७० ते ७५ सेंटिमीटरवर असतो, आणि एलएस ३/५एचा ट्वीटर खोक्याच्या वरच्या भागात असल्यामुळे त्याच्यासाठी स्टँड सुमारे ५० सेंटिमीटरचा, म्हणजे बाजारातल्यापेक्षा चांगलाच बुटका, सुताराकडून करवून घ्यावा लागेल.