पाहिले ते सांगावे काय?

दूरदेशी राहणाऱ्या मित्रास भेटून जो मनुष्य परत येतो, तो केवळ प्रवासी राहत नाही. नकळत तो साक्षीदार झालेला असतो. मित्राच्या घरची माणसे त्याची वाट पाहत असतात. प्रवास कसा झाला, हे ती उपचारापुरते विचारतात. त्यांस जाणून घ्यावयाचे असते ते एवढेच की, आमचा मुलगा तेथे कसा आहे? या साध्या प्रश्नाचे उत्तर किती अवघड असू शकते, याचा विचार करण्याचा प्रसंग गेल्या वर्षी आम्हांवर आला. आपल्या सभासद-कुटुंबांपैकी अनेकांची मुले आखाती देशांत आहेत, म्हणून तो विचार येथे मांडीत आहोत.

आखात आपणांस नवे नाही. दुबईच्या बाजारात १९५९ पर्यंत भारताचाच रुपया चालत असे. त्या वर्षी रिझर्व्ह बँकेने आखातापुरती निराळी नोट काढली, आणि १९६६ मध्ये तीही तेथून गेली. तेथील समुद्रात तेल सापडले, तेही १९६६ सालीच. त्या काळी मुंबईहून आगबोटीने जाणाऱ्यास कित्येक दिवस लागत. आज शमशाबादेस विमानात बसावे आणि सुमारे अडीच हजार किलोमीटर अंतर ओलांडून चार तासांच्या आत उतरावे. खाली पाहावे तो प्रथम समुद्र, मग मातकट वाळू, आणि त्या वाळूवर पट्टीने आखल्यासारखे रस्ते. नदी एकही नाही. पाऊस वर्षाकाठी जेमतेम शंभर मिलिमीटर. आणि तरीही पस्तीस लाखांहून अधिक माणसे समुद्राचे पाणी गोडे करून तेथे राहतात. मानवी उद्योगाचा हा चमत्कार खराच. परंतु विमानाने अंतर तोडले म्हणून मित्राचे आयुष्य आपल्याजवळ आले, असे मात्र समजू नये.

आमचा हा मित्र एका गुदामात हिशेबनीस आहे. त्यास तेथे एकोणीस वर्षे झाली. आई, पत्नी व दोन मुले येथे काचीगुड्यास. कुटुंब तेथे न्यावयाचे तर महिना किमान ४,००० दिरहम, किंवा राहण्याची जागा मालकाकडून असेल तर ३,००० दिरहम पगार असावा लागतो. कित्येक वर्षे त्याचा पगार त्या मर्यादेच्या खालीच राहिला. पुढे मर्यादा ओलांडली, तेव्हा घरभाडे आणि मुलांच्या शाळेची फी यांचा हिशेब त्याने मांडून पाहिला व तो विषय सोडून दिला. हिशेबनिसासच हे अधिक लवकर कळते.

जूनअखेरीस आम्ही पोहोचलो. त्याने आमची सोय एका परिचिताच्या घरी केली, दोन दिवसांची रजा घेतली आणि आम्हांस ८२८ मीटर उंचीची बुर्ज खलिफा इमारत दाखविण्यास नेले. एकोणीस वर्षांत ती आतून त्याने प्रथमच पाहिली, तीही आमच्यामुळे! भोजनाचे पैसे त्याने आम्हांस देऊ दिले नाहीत. वाटेत एका अपुऱ्या इमारतीच्या सावलीत मजूर आडवे झालेले दिसले. त्या देशात उन्हाळ्याचे तीन महिने दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम घेण्यास कायद्याने बंदी आहे. मित्र त्यांच्याकडे पाहून म्हणाला, “आम्ही तर सावलीत बसून काम करणारे, आम्हांस काय कमी आहे!” हे वाक्य त्याने फार घाईने उच्चारले.

दुसऱ्या दिवशी आम्ही हट्ट धरला, तेव्हा देराच्या एका गल्लीतील आपली खोली त्याने दाखविली. तिला खोली म्हणणेही कठीण. एका खोलीत सहा जणांच्या खाटा, एकावर एक. त्यांतील खालची एक त्याची, पुढे पडदा. तेथे यास ‘बेडस्पेस’ म्हणतात आणि हजारो माणसे अशीच राहतात. खाटेखाली पेटी, उशाशी मुलांचे छायाचित्र व भात शिजविण्याचा विजेचा कुकर. घरच्यांशी रोज रात्री फोनवर बोलताना पडद्यावर त्याचा चेहरा दिसतो आणि त्यामागे वीतभर स्वच्छ भिंत. एवढी वीतभर भिंतच त्याच्या वाट्याची आहे, हे येथे बसून कोणास कळावे? निघताना तो म्हणाला, “अरे, आईला यातले काही सांगू नकोस.”

वाचकहो, अशा वेळी काय करावे? अप्रिय सत्य बोलू नये, असे मनूचे वचन पुष्कळांच्या तोंडी असते. पण त्याच ठिकाणी प्रिय असत्यही बोलू नये असे बजावले आहे, याची आठवण सोयीनुसार राहत नाही. मौन हे निरुपद्रवी असते, असे आपण धरून चालतो. आमच्या मते येथेच चूक होते. काकूंनी घरावर दुसरा मजला चढविण्यास काढला होता. मुलगा सोन्याच्या नगरीत आहे, हा त्यांचा समज; आणि आमच्यापूर्वी तेथे जाऊन आलेल्या प्रत्येकाने “छान चालले आहे” असे सांगून तो दृढ केलेला. त्या मजल्याचा खर्च म्हणजे मित्राच्या त्या खाटेवरील आणखी तीन-चार वर्षे. ती वर्षे कोण भरून देणार? गोड बोलून निघून जाणारे पाहुणे तर नव्हेत.

उलट पक्षी, त्याचे दैन्य ही त्याची स्वतःची गोष्ट आहे. ती चारचौघांत मांडण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? सुदाम्याची कथा या प्रसंगी आम्हांस निराळ्याच अंगाने आठवली. लाजेने काखेत दडविलेली पोह्यांची पुरचुंडी श्रीकृष्णाने ओढून घेतली. मित्र जे झाकतो ते पाहण्याचा हक्क मित्रास आहे, हे त्यातून दिसते. पण त्याने ते पोहे आपण खाल्ले. द्वारकेत त्याची दवंडी पिटली नाही. हट्टाने खोली पाहिली, तेथवर आमचे वर्तन योग्य होते असे आम्ही समजतो. पुढचे सांगणे त्याचे होते. परंतु त्याने ते टाळावे म्हणून आम्ही खोटे बोलावे, हा करार मैत्रीत बसत नाही.

काकूंकडे गेलो. तो रात्री स्वतः वरण-भात करून खातो, त्याचे केस बरेच पिकले आहेत, तो थकला आहे, हे सांगितले. वहिनी चहा ठेवून आत गेल्या. त्यांनी काही विचारले नाही. त्यांस बहुधा कल्पना असावी. काकूंनी विचारले, “खोली केवढी आहे रे त्याची?” आम्ही म्हणालो, “काकू, हे तुम्ही त्यालाच विचारा. मी सांगणे बरे नव्हे.” त्या काही वेळ आमच्याकडे पाहत राहिल्या आणि मग विमानाचे तिकीट किती पडते, ते विचारू लागल्या. त्याच रात्री मित्रास फोन करून झाला प्रकार कळविला : आई विचारील, आता उत्तर तूच दे.

त्याने दीड महिना आमच्याशी अबोला धरला. आता पुन्हा फोन येतो. त्या विषयावर तो बोलत नाही, आम्हीही काढीत नाही. दुसऱ्या मजल्याचे काम मात्र काकूंनी गेल्या दिवाळीपासून थांबविले आहे.