अक्षरांचे बिऱ्हाड आणि घर

पिढ्यान्‌पिढ्या परप्रांतात राहिलेल्या आपल्या घराण्यांना भाड्याचे बिऱ्हाड आणि स्वतःचे घर यांतील भेद निराळा सांगावा लागत नाही. परंतु संगणकावर लिहू लागताच तो आपण सहज विसरतो. आठवणी, कुलवृत्तांत, जुनी छायाचित्रे असे सारे एखाद्या कंपनीच्या फुकट जागेत ठेवून निश्चिंत होतो. जिओसिटीजवर असंख्य लोकांनी आपापली पाने उभारली होती. याहू कंपनीने ती सेवा १९९९ साली विकत घेतली आणि २००९ साली अमेरिकेत बंद केली. ऑर्कुट २०१४ साली मिटले. यात लबाडी कोणाची नव्हती. घरमालकाने आपले घर मोडले, एवढेच.

यावर स्वतःचे संकेतस्थळ उभारावे, असे सुचवले जाते. त्यासाठी नोंदवलेले नाव, सर्व्हरवरील जागा आणि मजकूर मांडणारी प्रणाली अशा तीन गोष्टी लागतात. पण नीट पाहता यांतील एकही निखालस आपली नसते. नाव मुदतीपुरते, जागा भाड्याची आणि प्रणाली इतरांनी घडवलेली. मग ‘स्वतःचे’ म्हणजे काय? माझ्या मते, जे उचलून दुसरीकडे नेता येते, ते. नाव तेच ठेवून मजकूर दुसऱ्या सर्व्हरवर हलवता येतो; वाचकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

वर्डप्रेस या प्रणालीचा जन्म या दृष्टीने उद्बोधक आहे. मिशेल वाल्द्रिघी यांच्या ‘बी२’ प्रणालीचे काम थंडावले, तेव्हा मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी तीच पुढे नेऊन २००३ च्या मे महिन्यात वर्डप्रेस प्रसिद्ध केली. त्यांना कोणाकडे परवानगी मागावी लागली नाही. बी२ च्या जीपीएल परवान्यात वापरण्याची, बदलण्याची व वाटण्याची मुभा आधीच होती. अट इतकीच, की बदललेली प्रणाली वाटताना पुढच्यालाही तीच मुभा द्यावी. मिळालेले अडवून न ठेवण्याची ही वृत्ती विश्वस्ताची आहे.

घर सजवतानाही हीच नीती लागू पडते. मूळ थीममध्येच फेरफार केले, तर तिची नवी आवृत्ती घेताच ते पुसले जातात. म्हणून ते ‘चाइल्ड थीम’मध्ये वेगळे ठेवतात. मूळ सुधारत राहते आणि आपले वेगळेपणही टिकते. दोन भाषांच्या अंगणात वाढलेल्यांना ही रीत अपरिचित वाटू नये.

मात्र स्वतःचे घर मालकामागे ओस पडू शकते. शुल्क थकले की नाव सुटते, जागा जाते आणि मजकूरही. स्वतःचे मनोगत पुसून टाकण्याचा हक्क लिहिणाऱ्याला जरूर असावा. पण पणजोबांची हकिकत त्याच्या एकट्याची नसते. तिची एक प्रत घरातील दुसऱ्याच्या हाती, परवलीचा शब्द पुढच्या पिढीतील कोणाला ठाऊक आणि शक्य तर छापील प्रत गावातील ग्रंथालयात असावी. एवढी तजवीज केल्यावाचून आपण घर बांधले, असे म्हणू नये.