आडनावापाशी थोडं थांबू

मांडी घालून बसा, नाहीतर भिंतीला पाठ टेकून. श्वास आपल्या गतीनं चालू द्या. आता स्वतःचं पूर्ण नाव मनात म्हणा, पण फॉर्म भरताना म्हणतो तसं एका दमात नको. आधी पहिलं नाव. थांबा. मग वडिलांचं किंवा पतीचं. पुन्हा थांबा. मग आडनाव.

पहिलं नाव बारशाला आत्यानं तुमच्या कानात सांगितलं होतं. दुसऱ्या नावाच्या माणसाचा चेहरा तुम्हाला ठाऊक आहे. तिसऱ्या नावाला मात्र चेहरा नाही. ते कुणी घेतलं, कुणी दिलं, कोणत्या गावात ते घराला चिकटलं, हे सांगणारं माणूस बहुतेक घरांत आता उरलेलं नाही. आज त्या तिसऱ्या नावापाशी बसू.

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे डोळ्यांपुढे आणा. १९४९ पर्यंत हा मुलूख बराचसा एकाच सातारा जिल्ह्यात होता. मग दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. जिल्ह्यांचीही नावं बदलतात. इथल्या संस्थानिक घराण्यांच्या नावांचा माग सहज लागतो. फलटणच्या निंबाळकरांचं नाव निंबळक गावावरून आलं. जतचे डफळे मूळचे चव्हाण, डफळापूरच्या पाटीलकीमुळे डफळे झाले. सनदा, बखरी, दप्तरं, सगळं त्यांच्या मदतीला आहे. त्यांना तिथंच ठेवून आपण पुढे जाऊ. ज्यांच्या नावाची सनद कुणी लिहिली नाही, त्या घरांकडे जाऊ.

खटाव तालुक्यातलं कटगुण. इथल्या एका माळी घराचं आडनाव होतं गोऱ्हे. हे घर गाव सोडून खानवडीला गेलं आणि तिथून पुण्यात आलं. पुण्यात पेशव्यांकडे फुलं पुरवण्याचं काम मिळालं आणि लोक त्यांना फुले म्हणू लागले. त्यासाठी ना कुठला समारंभ झाला, ना कुणी पदवी दिली. पहाटे उठून फुलं खुडायची, गजरे-हार बांधायचे, वाड्यावर पोचवायचे, आणि हे रोज. त्या रोजच्या कामातून नाव आलं. पुढे जोतिरावांनी आणि नायगावच्या नेवसे पाटलांच्या लेकीनं, सावित्रीबाईंनी तेच नाव वागवलं.

इथं जरा वेळ घ्या. तुमच्या आडनावात कुठलं काम आहे का? सुतार, लोहार, कुंभार, तेली, गुरव, अशी नावं लगेच बोलतात. काहींत काम दडून बसलेलं असतं. असेल तर त्या कामाचे हात आठवण्याचा प्रयत्न करा. नसेल तर घाई नाही, पुढे चला.

दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोममध्येही सामान्य कुळांची नावं अशीच मातीतून आलेली दिसतात. रोमन पुरुषाच्या नावाचेही बहुधा तीन भाग असत: स्वतःचं, कुळाचं आणि शाखेचं. मार्कस तुलियस सिसेरो हा प्लेबियन, म्हणजे सामान्य कुळातला. सिसेरो हे शाखेचं नाव हरभऱ्यावरून आलेलं. प्लुटार्कनं सांगितलंय की त्यानं राजकारणात उतरताना हे नाव टाकावं, असा मित्रांचा सल्ला होता. त्यानं तो मानला नाही; हेच नाव मोठ्या घराण्यांच्या नावांपेक्षा थोर करून दाखवीन म्हणाला. सिसिलीत अधिकारी असताना देवाला चांदीची वस्तू वाहिली, तेव्हा तिच्यावर पहिली दोन नावं कोरून घेतली आणि तिसऱ्याच्या जागी हरभऱ्याचा दाणा कोरायला सांगितला. मला ही गोष्ट फार जवळची वाटते. ज्या नावावरून लोक हसतील, ते देवापुढे ठेवण्याचं बळ त्याच्याकडे होतं.

आता मन थोडं जड होईल अशा जागी जाऊ. शिंदे, मोरे, पवार, जाधव, गायकवाड ही नावं एकदा म्हणा. साताऱ्या-सांगलीच्या एकाच गावात मराठ्यांच्या आळीत ही नावं भेटतात, धनगरांत भेटतात आणि गावकुसाबाहेर ठेवलेल्या वस्तीतही भेटतात. रोममध्ये क्लॉडियस हे कुळनाव असंच होतं. काही क्लॉडियस उच्चकुलीन पॅट्रिशियन, आणि मार्सेलस शाखेचे क्लॉडियस प्लेबियन. इ.स.पू. ४४५ मध्ये कानुलेयसचा कायदा होईपर्यंत या दोन वर्गांत लग्नाला बंदी होती. आपल्याकडे एक आडनाव, एक नदी, एक यात्रा, आणि पाणवठे वेगळे. कारणं शोधू नका आत्ता. नाव एक आणि पाणवठा दुसरा, एवढंच काही श्वास मनात धरा.

याच साताऱ्यात ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचं नाव शाळेच्या रजिस्टरात लिहिलं गेलं: भिवा रामजी आंबेडकर. अनुक्रमांक १९१४. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि ते रजिस्टर तिथं जपलेलं आहे. घराचं आडनाव सकपाळ, मूळ गाव कोकणातलं आंबडवे. मुलगा नऊ वर्षांचा, आई साताऱ्यातच वारलेली. त्या दिवशी लेखणी चालवणाऱ्या कारकुनाला आपण काय लिहितोय याची कल्पनाही नसेल. वर्गात त्या मुलाला वेगळं बसवलं जाई. नाव मात्र इतरांच्या नावांसारखंच, त्याच वहीत, त्याच शाईनं ओळीत बसलं होतं. या ओळीपाशी हवं तेवढं थांबा.

आडनावाखाली आणखी एक थर आहे, देवकाचा. लग्नाआधी पंचपल्लव, कळंबाची डहाळी किंवा मोरपीस, ज्या घरचं जे असेल ते आणून पुजतात. एका देवकात सोयरीक होत नाही. कुळाचा देव पालीचा खंडोबा असेल, औंधची यमाई असेल, म्हसवडचा सिद्धनाथ असेल. सांगलीकडच्या गावांत सजवलेला बैल घेऊन हेळवी येतात आणि दारात उभं राहून घराची वंशावळ पिढ्यान् पिढ्या वाचून दाखवतात. पायलीभर धान्य घेऊन ते आपल्या पणजोबांच्या बापाचं नाव आपल्याला परत देतात.

पण त्या वंशावळीचा वेल मुलग्यांच्याच अंगानं चढतो. म्हणून शेवटी बायकांच्या नावांपाशी येऊ आणि इथं सगळ्यात जास्त बसू. रोममध्ये कॉर्नेलिया नावाची बाई सेम्प्रोनियस या प्लेबियन कुळात सून म्हणून गेली. ग्रॅकस बंधूंची ती आई. लग्नानंतरही ती मरेपर्यंत कॉर्नेलियाच राहिली. बापाच्या कुळाचं हे नाव तिच्याकडून कुणी काढून घेतलं नाही. तिला स्वतःचं वेगळं पहिलं नाव मात्र नव्हतं, तिची बहीणही कॉर्नेलियाच. आपल्याकडे मुलीला बारशाचं नाव मिळालं, आणि लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं दुसरं नाव लिहून पहिलं मिटवलं गेलं. साताऱ्यात कित्येकींचं बारशाचं नावच नकुशा, म्हणजे नकोशी, होतं. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींनी समारंभात नवी नावं घेतली. त्यातली एकेक मुलगी आपलं नवं नाव पहिल्यांदा मोठ्यानं म्हणतेय, असं कल्पून पाहा.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारच्या निर्णयानुसार आईचं नाव येतं: आधी स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. हे मला फार गरजेचं वाटतं, आणि उशिरा झालेलंही.

आता पुन्हा आपल्या नावाकडे या. आईचं माहेरचं आडनाव म्हणा. तिच्या आईचं म्हणा. त्या आजीच्या आईचं? बहुतेकांचं मन इथं अडेल. अडू द्या. डोळे उघडल्यावर घरात जे सर्वांत वयस्क माणूस असेल त्याला आधी हेच विचारा: आडनाव, गाव, तालुका, आणि तांदळात पुसलं गेलेलं तिचं पहिलं नाव. मिळेल ते वंशावळीच्या कागदावर पणजोबांच्या नावाशेजारी लिहा, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत.