चिलटाएवढा गळ

डिसेंबरात आमच्या रिसालीत दिवेलागणीला ट्यूबलाइटभोवती चिलटं जमतात. ती चावत नाहीत. त्यांच्या अळ्या तलावाच्या गाळात वाढतात. काहींच्या अंगात हिमोग्लोबिन असल्याने त्या रक्तासारख्या लाल दिसतात. सकाळी खिडकीत मेलेल्या चिलटांचा थर पडतो. आपण तो झाडून टाकतो.

कोलोरॅडोत राहणारा माझा मामेभाऊ अशीच चिलटं हाताने बांधतो. थंडीत इतर किडे कमी होतात, तेव्हा नदीतल्या ट्राउट माशाला चिलटांचा मोठा आधार असतो. म्हणून 22 नंबरचा गळ घ्यायचा (नंबर वाढतो तसा गळ लहान होतो), त्यावर काळ्या दोऱ्याचे वेढे, वर केसासारखी तांब्याची तार, डोक्याशी एक मणी. दोरा थोडा जास्त झाला तरी चिलट बेढब होतं. मासा गळाला लागला की तो त्याला सोडवून पुन्हा पाण्यात जाऊ देतो. त्याने ही सगळी कृती इंग्रजीत लिहून बाबांसाठी पाठवली. मराठी करायचं काम माझ्याकडे आलं.

अनुवाद वाचून बाबा म्हणाले, ‘‘खायचा नाही, तर धरतो कशाला?’’

बाबांनी तरियावर कणकेची गोळी लावून मासे धरले आणि धरलेला मासा घरी शिजला. भाऊ म्हणतो, मी जीव तर घेत नाही. मला आधी भावाचीच बाजू घ्यावीशी वाटली. त्याचं काम माझ्यासारखंच: मूळ वस्तू बारकाईने पाहायची आणि दुसऱ्या सामग्रीत तिच्यासारखी वस्तू घडवायची.

पण 2003 साली लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउटच्या तोंडाभोवती इजा ओळखणारे चेतातंतू असल्याचं दाखवलं. निव्वळ सोडून देण्यासाठी मासा धरायला स्वित्झर्लंडच्या कायद्यात मनाई आहे. आपल्या हिमाचलात ट्राउटच्या विणीचा काळ म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासेमारीच बंद असते. एखाद्याला जवळून ओळखणं म्हणजे त्याचं भलं चिंतणं नव्हे, हे मला इथे कळलं. गळ बांधणाराही माशाला फार जवळून ओळखतो. माझ्या वाचकाला आपण अनुवाद वाचतोय हे ठाऊक असतं. माशाला कुणी सांगत नाही.

मग बाबा बरोबर? छत्तीसगढीत गळ टाकण्याला ‘गरी खेलना’ म्हणतात. इंग्रजीतही गळाला लागलेला मासा ‘खेळवतात’. मी बाबांना विचारलं, ‘‘प्लांटचा पगार होता, बाजारात मासे मिळत होते. मग तुम्ही तरी तरियावर का जात होतात?’’

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘खेळच होता गं. जेवायला बसलं की विसरायला व्हायचं.’’

दोघांत चांगला कोण, याचा निकाल मी लावू शकत नाही. एकाला खाणं निमित्त झालं, दुसऱ्याला सोडणं. बाबांनी निदान निमित्ताला निमित्त म्हटलं.

माझ्या हातात होतं ते मी केलं. भावाच्या मजकुरात दोऱ्याच्या चिलटासाठी मी ‘नक्कल’ असा शब्द योजला होता. तो खोडून ‘आमिष’ लिहिलं आणि कागद बाबांना परत दिला.