लग्नाला साक्षी कोण?
लग्न देवासमोर लागतं की सरकारदरबारी? इस्रायलमध्ये नागरी विवाह लावताच येत नाही. ज्यूंचं लग्न रब्बी लावणार, मुसलमानांचं शरिया न्यायालय. मग भिन्नधर्मी जोडपी पासपोर्ट, जन्मदाखला आणि अविवाहित असल्याचा दाखला घेऊन सायप्रस गाठतात, तिथल्या नगरपालिकेत सह्या करतात.

इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६३च्या फंक-श्लेसिंगर निकालाने ठरवलं, असा दाखला आणला की नोंद करायचीच. लग्न धर्माला मान्य आहे का, हे कारकुनाने बघायचं नाही.

कोकणातून गेलेल्या बेने इस्रायली ज्यूंना, म्हणजे आपल्या शनवार तेल्यांना, रब्बींच्या या अधिकाराची झळ बसली. १९६२मध्ये रब्बींनी त्यांच्या लग्नाआधी पूर्वजांच्या चौकशीचा नियम केला. आंदोलनानंतर १९६४मध्ये त्यांचं नाव त्या नियमातून निघालं.

सायप्रसला लग्न केलेल्या ज्यू जोडप्याला घटस्फोटासाठी मात्र आजही रब्बींच्याच न्यायालयात जावं लागतं.